गावभांड्यांवरचा ठिपका

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दुसऱ्या दिवशी, सकाळी, पारावर. एकसष्ट घरं, घरटी एक हजार, एकूण रुपये एकसष्ट हजार फक्त. हजर माणसं पुष्कळ होती, पण ज्यांच्या हातातून पैसा गेला ती तीन: तू, मी आणि माझा चुलतभाऊ विश्वनाथअण्णा. चार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, प्रल्हाद. आज तू नाहीस, अण्णा आहे, आणि मी हे तुला लिहितोय, कारण त्या दिवसाचं जे राहिलं होतं ते परवा पुरं झालं. तुला न विचारता पुरं केलं. तू हयात असतास तर करू दिलं नसतंस.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलले. लाइनमन कसा असावा तर प्रल्हादसारखा, रात्री-बेरात्री खांबावर चढायचा, कुणाच्या घरचा चहा नाकारायचा नाही. मी बोललो नाही. मला तुझा राग आला होता, आणि राग आलेल्या माणसानं फोटोसमोर उभं राहू नये. तो राग कशाचा ते सांगतो. पण आधी भांड्यांचं.

गावात भांडी नव्हती, म्हणजे लग्नाची. घरात लग्न निघालं की चिंचोळीच्या मंडपवाल्याकडं जायचं, अनामत ठेवायची, आणि परत देताना तो एकेक चमचा मोजायचा. वाटी हरवली तर नव्या वाटीचे पैसे, चेपली तरी नव्या वाटीचेच. तू म्हणालास, "मुनीम, हिशेब कर. गावात वर्षाला लग्नं किती, बारशी किती, मयतीची जेवणं किती?" मी आडतीवर वजन-मापाचं काम करतो म्हणून तू मला मुनीम म्हणायचास. मी हिशेब केला. तीन वर्षांच्या भाड्यात आपली स्वतःची भांडी येत होती. तू तो कागद घेऊन घरोघर फिरलास. आमच्या बाजूची सत्तेचाळीस घरं आणि तुमच्या गल्लीची चौदा, सगळ्यांनी सारखेच पैसे दिले. कुणाला सूट नाही आणि कुणाची मोठी देणगीही घ्यायची नाही, हा तुझा नियम. "देणगी घेतली की भांडी देणगीदाराची होतात," म्हणालास.

बिदरला आपण तिघं गेलो. दुकानदारानं प्रत्येक पातेलं, प्रत्येक बगुणं उलटं करून दाखवलं, तू प्रत्येकाच्या बुडाला बोटाच्या पेरानं ठोकून आवाज ऐकलास. त्यानं विचारलं, "कितने घरों का सामान है?" तू म्हणालास, "एकच घर है. गाँव." तो हसला आणि त्यानं शंभर रुपये कमी केले. मला ते शंभर रुपये अजून आठवतात, कारण मी घासाघीस करून ऐंशीच कमी केले होते.

मग नाव घालायला शेजारच्या गल्लीत, भांड्यावर नाव कोरणाऱ्या चाचाकडं. दोनशे चाळीस ताटं, तेवढ्याच वाट्या, सहा मोठी बगुणी, दोन कढया, बादल्या, डाव. नाव काय घालायचं यावर आपलं तिथंच भांडण झालं. मला गावाचं नाव हवं होतं. तू म्हणालास, नुसतं 'गावभांडी' घाल. मी म्हणालो, हरवलं तर कुठल्या गावाचं ते कळायचं कसं? तू म्हणालास, "हरवू द्यायचंच कामून?" तुझं ऐकलं. चाचानं पहिलं ताट मशिनीखाली घेतलं. दुपार झाली होती. आपण दोघं खानावळीत जेवायला गेलो. अण्णा म्हणाला, "मला सोमवार हाय. उपास. तुम्ही जेवून या, मी सामानापाशी बसतो."

हा उपास लक्षात ठेव.

भांडी चावडीच्या मागच्या खोलीत ठेवली. एक कुलूप, दोन किल्ल्या. एक तुझ्याकडं, कारण तू चिटणीस. दुसरी अण्णाकडं, कारण त्याचं घर चावडीला लागून. मागायला आलेल्याला भांडी काढून द्यायचं काम त्यानं आपणहून घेतलं. आपल्याला बरंच वाटलं. म्हातारं माणूस, घरीच असतं, करतंय.

आणि योजना चालली, प्रल्हाद. खोटं कशाला सांगू? माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला तीच भांडी, धनगराच्या पोरीच्या लग्नाला तीच. बायका म्हणायच्या, आता कार्य काढताना छातीत धस्स होत नाही. भांडी परत करणाऱ्यानं चिंच लावून घासून द्यायची आणि पुढं ज्याच्या घरी कार्य असेल त्यानं ती मोजून घ्यायची, हाही तुझाच नियम. त्यामुळं चार वर्षांत चार वाट्या आणि एक डाव, एवढंच कमी आलं. मंडपवाल्यानं आपल्या गावाकडं बघणं सोडलं. शेजारच्या निर्ण्याहून लोक येऊन विचारून गेले की तुम्ही हे कसं केलं.

मग तुझ्या थोरलीचं लग्न झालं, आणि उन्हाळा सरता सरता तू किल्ली माझ्या हातावर ठेवलीस. म्हणालास, "मला वेळ न्हाई आता."

"वेळ न्हाई? तुला? खांबावरून उतरून तू पारावर नको तितका वेळ बसतूस."

"न्हाई म्हंजे न्हाई, मुनीम."

त्यावरून आपण किती भांडलो! दोन वर्षं. मी तुला पळपुटा म्हणालो. गावाचं काम उभं करायचं आणि मधेच हात काढून घ्यायचा, मग लोक कुणावर भरवसा ठेवतील, असं म्हणालो. तू हसायचास आणि विषय तुरीच्या भावावर न्यायचास. मी तेवढ्यानं चिडायचो. किल्ली मी घरात खिळ्याला अडकवली आणि कधी काढली नाही. काढायची गरजच नव्हती, अण्णा होता ना.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी तुझ्या अंगणात आलो तर ओट्यालगत भाड्याची ताटं. मंडपवाल्याच्या नावाची. मला वाटलं घाईत राहून गेलं असेल. सुमनवहिनींना म्हणालो, "वहिनी, मला सांगायचं की, मी भांडी काढून दिली असती."

वहिनी आत गेल्या, एक डाव घेऊन आल्या. चार वर्षांत कमी आलेला तो एकच डाव.

"भावजी, नाव वाचा."

"गावभांडी."

"शेवटच्या अक्षराच्या पुढं बघा."

ठिपका होता. मोहरीएवढा. मशिनीनंच घातलेला.

"आमच्या गल्लीत जे येतं त्याच्यावर हे असतं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याकडं जे जातं त्याच्यावर नसतं. पोरीच्या लग्नात ह्यांच्या ध्यानात आलं. सगळी ताटं मागितली तर अण्णा म्हणाले, अर्धी पावण्यांच्या गावाला गेलीत. आणि जी दिली त्या परत्येकावर ठिपका. पुढं बारशाला बी तीच ताटं, तीच चेपलेली बादली. हा डाव ह्यांनी मुद्दाम ठेवून घेतला."

"मग मला कामून सांगितलं न्हाई?"

"मी बी तेच विचारलं. तर म्हणाले, नागूला सांगितलं तर त्याला भावासंगं भांडावं लागंल. आणि तो न्हाई भांडला, तर मला नागूसंगं बोलणं बंद करावं लागंल. दोन्ही नको. म्हातारपणी बोलायला कोण राहील मग?"

प्रल्हाद, तुझ्यावरचा माझा राग हा आहे. तू माझी परीक्षाच घेतली नाहीस. दोन वर्षं मी तुला पळपुटा म्हणत होतो आणि तू तुरीचा भाव सांगत होतास. मी भांडलो असतो का? मला वाटतं भांडलो असतो. पण वाटणं म्हणजे वजन नव्हे. ते काट्यावर घालून बघायची वेळ तू मला दिली नाहीस, आणि आता मी नुसतं म्हणत राहायचं. तू मैत्री वाचवलीस, त्याबद्दल तुझे उपकार आहेत. आणि मला विचारल्याशिवाय वाचवलीस, त्याबद्दल तुला मी सोडणार नाही.

तुझ्या अंगणातून निघालो तो घरी जाऊन खिळ्याची किल्ली काढली आणि खोली उघडली. भांडी दोन थरांत होती. भिंतीकडची ठिपका नसलेली, दाराकडची ठिपक्याची. अर्धी-अर्धी. एकशे वीस, एकशे वीस. तीन बगुणी इकडं, तीन तिकडं. सगळं इतकं नीटनेटकं होतं की मला पहिल्यांदा त्या नीटनेटकेपणाचीच चीड आली.

दुसऱ्या दिवशी बिदर. चाचा तोच, दुकान तेच. विचारलं तर त्यानं बिचाऱ्यानं लगेच सांगितलं. "वो बड़े भाई बैठे थे ना, उनोच बोले, आधों पे नुक्ता डालो, सेट अलग रहते. मैं बोला अच्छा है, सहूलत है." त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, वाटायचं कारणही नव्हतं. आपण दोघं खानावळीत वरण-भात खात होतो, आणि उपासाचा माणूस हे काम करून घेत होता.

मी पारावर जाऊन ओरडू शकलो असतो. पण ओरडलो असतो तर अण्णा म्हणाला असता, "आरं, सेट अलग राहावं म्हणून केलं," आणि अर्ध्या गावानं मान हलवली असती. मला ते नको होतं. मला त्याचं तोंड त्याच्याच हातानं बंद झालेलं बघायचं होतं. आणि तुळशीचं लग्न झालं की त्याच्या धाकट्याचं लग्न होतं.

अण्णा बस्ता बांधायला सगळ्या घराला घेऊन हुमनाबादला गेला त्या दिवशी मी चाचाला मोटारसायकलीवर घेऊन आलो. मशीन चावडीत लावली. भिंतीकडचं प्रत्येक ताट, प्रत्येक वाटी, बगुणी, कढई, बादली, डाव, सगळ्यांवर ठिपका. त्याच जागी, तेवढाच. चाचा म्हणाला, "अब अलग कैसे करेंगे?" मी म्हणालो, "नहीं करेंगे." ठिपक्याचं काय घ्यावं ते त्याला ठरवता येईना. येण्या-जाण्यासकट पाचशे दिले. माझ्या खिशातून. ते मी कुणाकडं मागणार नाही; इतक्या स्वस्तात एवढं समाधान मला कधी मिळालं नव्हतं.

हळदीच्या दिवशी सकाळी अण्णा चावडीत आला. बरोबर त्याचे साडू, आचारी, दारात ट्रॉली. मी पायरीवर बसलो होतो.

"तू कामून आलास?"

"मोजून द्यायला. नियम हाय न्हवं?"

त्यानं भिंतीकडचं ताट उचललं, उपरण्यानं पुसलं, बघितलं. खाली ठेवलं. दुसरं उचललं. तिसरं थराच्या मधून ओढलं.

"काय शोधायलास, अण्णा?"

"काय न्हाई. धूळ बसलीया."

"धूळ धुतली की जाती."

त्यानं बगुणं फिरवून बघितलं. मग वाट्या. आचाऱ्याला उशीर होत होता. तो म्हणाला, "मालक, ताटं बघायलाव का सून? उचला की एक. सगळी सारखीच हायत."

साडू हसले. अण्णा हसला नाही. माझ्याजवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "नागू, हे कुणी केलं?"

"काय केलं?"

त्यानं साडूंकडं बघितलं.

"बोल की. चोरी झाली का? कुणी फोडलं का? साडू हायत, आचारी हाय, सगळ्यांदेखत सांग काय झालं ते."

"काय झालं न्हाई."

"मग भर ट्रॉली."

"मी चिंचोळीहून भाड्यानं आणतो."

"आण. पण जाताना पारावर सांगून जा, घरची दोनशे चाळीस ताटं टाकून भाड्याची कामून आणायलास ते."

त्यानं दोनदा फोन लावला. लग्नतिथी होती, मंडपवाल्याकडं एक चमचा शिल्लक नव्हता. मी पायरीवरून उठलो नाही. शेवटी अण्णानं आचाऱ्याला हात केला आणि ट्रॉली भरली. मी एकेक ताट मोजून दिलं. तुला खरं सांगतो, मोजताना माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

लग्नात मी वाढायला उभा राहिलो. हुग्गीची, गव्हाच्या खिरीची, बादली मुद्दाम मी घेतली. अण्णा व्याह्यांच्या शेजारी बसला होता, ताटावर नजर ठेवून. त्याच्या ताटात भरपूर वाढलं आणि म्हणालो, "जेव, अण्णा. आज उपास न्हाई न्हवं?"

त्याचा हात तिथंच थांबला. तेव्हा त्याला कळलं की मला खानावळीपासूनचं सगळं माहीत आहे. व्याही म्हणाले, "जेवा की, भावकीनं आग्रह केलाय." आणि तो जेवला. सगळं संपवलं. तुझ्या गल्लीतली माणसं दोन रांगा सोडून बसली होती, त्यांच्याही ताटावर तोच ठिपका होता. त्यांना माहीत नव्हतं, त्याला होतं. मला तेवढ्यानं पुरेसं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

भांडी परत आली त्या दिवशी मी पारावर सगळ्यांना बोलावलं. हातोहात ताटं दिली. नाव वाचायला लावलं, ठिपका दाखवला, कुणी घातला, कधी घातला, कुणासाठी घातला ते सांगितलं. आणि उरलेले मी घातले तेही सांगितलं. गल्लीतली पोरं उठली, सुमनवहिनींनी त्यांना हातानं खाली बसवलं. एक म्हातारी म्हणाली, "म्हंजे आम्ही बी ठिपक्यात जेवलो का?" कुणीतरी म्हणालं, "जेवलीस, आणि दोनदा हुग्गी घेतलीस." हसू उठलं आणि लगेच विरलं.

अण्णा उभा राहिला. "मी वाईट मनानं केलं न्हाई," म्हणाला. "आपली माणसं कशी हायत मला ठावं. ठिपका नसता तर आपल्या बाजूच्या अर्ध्या घरांनी भांडी उचललीच नसती. भांडी अलग ठेवीन असं मी आधीच कुजबुज करून त्यांना सांगितलं म्हणून पैसे आले, म्हणून योजना चालली. प्रल्हादची योजना माझ्या ठिपक्यावर चालली."

यावर काही माना हलल्या. मी त्यांची नावं इथं लिहीत नाही. पण मी बघितल्या, आणि माझी आठवण चांगली आहे.

मी म्हणालो, "मागच्या पावसाळ्यात तुझ्या घरची लाइन तुटली. प्रल्हाद पावसात खांबावर चढला. तव्हा त्यानं तारेला ठिपका लावला होता का, अण्णा? का आपल्या बाजूची वीज अलग, आणि त्यांच्या बाजूची अलग?"

अण्णा खाली बसला. मग मी हिशेब मांडला. चौदा घरांनी पूर्ण पैसे दिले आणि त्यांना अर्धीच भांडी मिळाली. म्हणून चौदा घरांची वर्गणी, रुपये चौदा हजार, अण्णानं परत द्यावी. मला हा हिशेब बिनतोड वाटत होता. दोन दिवस मी तो मनात घोळवला होता.

सुमनवहिनी म्हणाल्या, "न्हाई भावजी. वर्गणी परत घेतली तर भांडी आमची राहत न्हाईत. अण्णांना हेच तर हवंय."

आकड्यांचा माणूस म्हणून मी मिरवतो, पण हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू असतास तर पेरानं ठोकून आवाज ऐकला असतास आणि सांगितलं असतंस की मुनीम, हे बगुणं फुटकं आहे.

"मग काय घेणार, वहिनी?"

"ह्यांच्या कार्याला गावची भांडी असून मला भाड्यानं आणावी लागली. तेवढं भाडं द्या. आणि घरी येऊन द्या."

अण्णानं माझ्याकडं बघितलं. आम्ही एका वाड्यात लहानाचे मोठे झालो, त्याचा मार मी खाल्लाय आणि त्याच्या खांद्यावर बसून जत्राही बघितलीय. त्याला वाटलं मी म्हणेन की जाऊ दे, मी पोचवतो. मी पायातली चप्पल सरळ केली आणि तो तुझ्या घराकडं निघाला तसा त्याच्या मागं चालायला लागलो.

आता मी त्याच्याशी बोलत नाही. त्याच्या मुलाला आशीर्वाद दिला, सुनेला साडी दिली, त्यांचा दोष नाही. पण अण्णाकडं माझा शब्द जाणार नाही. माफ केलं असतंस तर तू केलं असतंस, तो तुझा स्वभाव. त्याची किल्ली सुमनवहिनींकडं दिली, दुसरी माझ्याकडंच आहे, आणि आता मी ती खिळ्याला लावत नाही, कमरेच्या कडदोऱ्याला बांधतो. तो डाव मी खोलीत परत ठेवला. आता कमी फक्त चार वाट्या.

येळवस आठ दिवसांवर आली. दरवर्षी तू आमच्या शेतात पालेभाज्यांची भज्जी आणि आंबील खायला यायचास आणि आंबील आंबट आहे म्हणायचास. यंदा जेवण गावच्या ताटात वाढणार आहे. एक ताट जास्तीचं काढीन. त्यावर काय आहे ते तू बघायला नसशील.

दिले रुपये अठराशे पन्नास, भांड्यांचं भाडं, प्रल्हादच्या पुण्यानुमोदनाचं. देणारा विश्वनाथअण्णा, स्वतःच्या हातानं, तुझ्या उंबऱ्यापाशी उभा राहून. घेणाऱ्या सुमनवहिनी. त्यांनी मोजून घेतले.